मन घरी ठेव, पाय घेऊन ये

पराते काकू पहाटे आमच्या फाटकाशी यायच्या तेव्हा मला नावाने हाक मारायच्या नाहीत. माझ्या कालच्या सबबीला हाक मारायच्या. आदल्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून मी फिरायला जायचं टाळलं असेल, तर दुसऱ्या दिवशी, दूधवालाही अजून आलेला नसताना, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या विचारायच्या, "मीनलचं डोकं थांबलं का वं?" मग पलीकडच्या घरात दिवा लागायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी मुद्दाम खोकायचं. आणि डोक्याला काहीही झालेलं नसलेली मी अंथरुणातून उडी मारून बूट शोधायला लागायचे, कारण उत्तर मिळेपर्यंत त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहणार, हे मला ठाऊक असायचं.

माझं निदान डोकंच होतं. आमच्या समोर राहणारे ठवकर भाऊ एकदा पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिले. ठवकर भाऊंचं हार्डवेअरचं दुकान आहे, चार लोकांत त्यांना मान आहे, आवाजही भारदस्त आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अर्ध्या नंदनवन वस्तीने ऐकलं, "ठवकर भाऊ, जुलाब थांबले का गा?" त्या दिवशी म्हणे दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक खिळे मागायच्या आधी त्यांची तब्येत विचारत होतं, आणि एकाने तर डाळिंबाची सालं पुडीत बांधून आणून दिली. तेव्हापासून ठवकर भाऊंनी पोट हा विषय कायमचा सोडला. त्यानंतरच्या त्यांच्या सगळ्या सबबी शरीराबाहेरच्या असायच्या: पाहुणे, कुत्री, ग्रहण.

काकू तेव्हा साठी ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या होत्या. ठेंगणा, काटक बांधा, सुती पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, आणि पायात पोपटी रंगाचे बूट. हे बूट त्यांनी जरीपटक्याच्या बाजारातून आणले होते. बायकांच्या मापात तो रंग नव्हता म्हणून पुरुषांच्या मापाचे घेतले आणि पुढे कापूस भरला. मी एकदा त्या रंगाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, अंधारात मोटारवाल्याला आपण दिसलो पाहिजे, नवऱ्याला नाही दिसलो तरी चालते. त्या मूळच्या उमरेडच्या, हातमागावर काम करणाऱ्या विणकरांच्या घरातल्या. लग्न होऊन नागपूरला आल्या, कारण पराते काका इथे बस चालवायचे. गेल्या वर्षी दोघंही लेकीजवळ भंडाऱ्याला राहायला गेली. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. ते दोघं पहाटे फार गाढ झोपतात.

माझी आणि काकूंची खरी ओळख माझ्याच तोंडामुळे झाली. आम्ही त्या गल्लीत नुकते राहायला आलो होतो. विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसून माझं वजन वाढलं होतं, आणि डॉक्टरांनी साखर काठावर आहे, रोज चाला, असं बजावलं होतं. कपडे वाळत घालताना कुंपणाच्या भिंतीवरून मी हे सहज काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग कधीपासून? मी म्हटलं, सोमवारपासून सुरू करणार आहे. हा सोमवार नाही, या आठवड्यात ऑफिसात जरा गडबड आहे, पुढचा. त्यांनी भिंतीवर कोपर टेकवले आणि अगदी शांतपणे मला समजावलं. सोमवार त्यांच्या ओळखीचा होता. सोमवार येतो आणि म्हणतो, उद्या. "आठोड्यात वार सात," त्या म्हणाल्या, "त्यात 'उद्या' कोनता हाय, ते मले दाखव." दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, त्या फाटकाशी उभ्या होत्या.

मी खिडकीतूनच अतिशय नम्रपणे सांगितलं की काकू, आज मन नाही. मला वाटलं, एवढ्या प्रामाणिक कारणापुढे त्या माघार घेतील. त्या खालून म्हणाल्या, "मनाचं काय काम हाय वं? मन घरी ठेव, पाय घेऊन ये."

मी पाय घेऊन गेले. चौकातून उद्यानाला वळसा घालून परत येईपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता, आणि काकू मात्र वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून देत होत्या: ही मीनल, हिची साखर काठावर हाय. मागाहून कधीतरी त्यांनी मला त्या मनाच्या बोलण्यामागचं कारण सांगितलं. वयात आल्या तेव्हापासून त्या पहाटे मागावर बसायच्या. थंडीत बोटं आखडलेली, झोप डोळ्यांत, समोर कालचंच अर्धं राहिलेलं लुगडं. "मागावर बसाले कोनाचं मन लागते वं? आधी बुड बसते. मन येते मागून, धोटा फिरला का." व्यायामाची आवड कशी लावून घ्यावी यावर मी मोबाइलवर पुष्कळ काही पाहिलं होतं. त्या सगळ्यात बुडाचा उल्लेख कुठेच नव्हता.

काकूंना शरीराबद्दल फार माहिती होती असं मात्र कुणी समजू नये. जी होती ती बहुतेक चुकीची होती. उलटं चालल्याने गुडघ्यातला वारा निघून जातो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यापायी त्या एकदा एका स्कूटरवर जाऊन बसल्या होत्या. स्कूटर उभी होती हे नशीब. साखर घामावाटे बाहेर पडते, म्हणून माझा रुमाल त्यांनी एकदा कट्ट्यावर पसरून ठेवायला लावला, मुंग्या येतात का बघायला. मुंग्या आल्या. त्या काकूंनी आदल्या दिवशी तिथे ठेवलेल्या लाडवाच्या चुऱ्यासाठी आल्या होत्या, पण हे मी बोलले नाही, कारण काकूंना इतका आनंद झाला होता की त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तो रुमाल दाखवला.

उद्यानात व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलेली आहेत, त्यांना सगळे ग्रीन जिम म्हणतात. काकूंनी त्या यंत्रांची नावं बदलून टाकली होती. कमरेला पीळ देणारी गोल चकती म्हणजे जातं. पाय झुलवायचा तो पाळणा. आणि बसून दोन्ही पायांनी दाबायचं ते यंत्र म्हणजे माग. त्या मागावर काकू बसल्या की बघत राहावं. पाय असे लयीत चालायचे की शेजारच्या यंत्रावरचे तरुण थांबून पाहायचे. ठवकर भाऊ पाळण्यावर उभे राहून मोबाइलवर बोलायचे आणि तो वेळ व्यायामात धरायचे. रविवारी परतताना आम्ही तर्री-पोहे खायचो. चालून जेवढं कमावलं त्याहून जास्त त्या लाल तर्रीत जात असेल, पण काकूंचा हिशोब वेगळा होता. पोह्याच्या गाडीपर्यंत तरी चालत आलो ना, घरी बसून मागवले असते तर?

उन्हाळ्यात मी आशा लावून बसले होते. नागपूरचं ऊन ही सबब नाही, ते सरकारी पत्रकासारखं आहे, त्यापुढे कुणाचं काही चालत नाही, असं मला वाटायचं. काकूंनी वेळ आणखी अलीकडे ओढली. मी म्हटलं, रात्रभर कूलरचा आवाज, झोप कुठे होते? दुसऱ्या दिवशी फाटकावरून चौकशी झाली, "मीनलचा कूलर बंद पडला का वं?" आणि माझा नवरा मंगेश, जो आजवर या सगळ्यातून अंगाला तेल लावून निसटला होता, झोपेत ओरडला की कूलर ठीक आहे, हिलाच घेऊन जा.

एकदा मात्र मी चिडले. मासिक पाळीच्या दुखण्याने मी दोन दिवस घरी होते आणि ते कारण काकूंना हळूच सांगितलं होतं. ते त्या फाटकावरून ओरडतील या धास्तीने मला पहाटे आपोआप जाग आली. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मीनलचा पाय मुरगळला होता, बरा झाला का वं? त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या. पण तेवढ्या धास्तीनेच माझा पारा चढला होता. चालता चालता मी त्यांना स्पष्ट विचारलं की काकू, आमची दुखणी गल्लीभर कशाला करता? हाक मारायची तर नावाने मारा.

काकूंनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक असायला हवं होतं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं. पराते काका रोज व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असायचे. उंच, मिशा भरघोस, मांडीवर वर्तमानपत्र. आम्ही त्या गल्लीत यायच्या आधीच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात बराचसा सुधारला, बोलणं साफ झालं, पाय मात्र ओढत टाकावा लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, चालवलं नाही तर पाय असाच आखडून बसेल. काका घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. आयुष्यभर ज्यांनी विदर्भातल्या घाटांतून आणि गावांतून भरलेल्या बसेस नेल्या, ज्यांना प्रत्येक थांब्यावर लोक ओळखायचे, त्यांना आपली ती चाल कुणी पाहू नये असं वाटायचं. आजारपणात सारी गल्ली शहाळी घेऊन भेटायला आली होती, तोंडं लांब करून. तेव्हापासून काकांच्या मनाने घेतलं होतं की या धडधाकट गल्लीत आपण एकटेच मोडलेले.

"म्हणून म्हटलं, ऐकू त दे त्यायले," काकू म्हणाल्या, "कोनाकोनाचं काय काय दुखून राहिलं ते. एकट्याचं दुखनं लाज आनते वं. गल्लीभराचं झालं का हासू येते." आणि ठवकर भाऊंच्या जुलाबाच्या दिवशी काका आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले होते, हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या की आम्हाला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या कटात सामील झाले. ठवकर भाऊ तर आधीपासूनच होते, फक्त मला माहीत नव्हतं. त्यांचे बूट फाटले म्हणून त्यांनी एकदा चालणं टाळलं होतं, तेव्हा काकूंनी घरातून काकांचे कोरे करकरीत बूट आणून त्यांच्या हाती दिले होते. मुलीने वडिलांसाठी आणलेले ते बूट खोक्यातच पडून होते. तेव्हापासून ठवकर भाऊ ते बूट घालून रोज काकांच्या व्हरांड्यासमोरून जायचे आणि तिथे आले की टाचा घासत चालायचे. मला वाटायचं की त्यांची चालच तशी आहे. ती काकूंची सूचना होती. काका वर्तमानपत्राच्या वरून ते बूट पाहायचे आणि त्यांची मिशी हलायची.

मग पावसाळ्यात झड लागली. विदर्भातली झड म्हणजे थांबायचं नावच नाही, कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना शेवाळ चढतं. मी मनातून खूश होते. पण काकू छत्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या की आजपासून चालणं परात्यांच्या घरात. समोरच्या खोलीतला सोफा त्यांनी भिंतीला लावला होता, आणि पावसामुळे काकांची खुर्ची व्हरांड्यातून आत आणून बरोबर खोलीच्या मध्यभागी ठेवली होती. दुसरीकडे जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतले आम्ही पाच-सहा जण त्या खुर्चीभोवती गोल गोल फिरायला लागलो. मध्ये काका, वर्तमानपत्र उघडून, देवळातल्या मूर्तीसारखे, आणि भोवती आमच्या प्रदक्षिणा. पहिल्या दिवशी त्यांनी एकदाही मान वर केली नाही. पान मात्र शेवटपर्यंत तेच उघडं होतं.

दोन-तीन दिवसांनी ठवकर भाऊंना उशीर होत होता म्हणून त्यांनी सोफ्याजवळच्या अरुंद जागेतून मला मागे टाकायचा प्रयत्न केला. त्यांचा दंड शोकेसला लागला, वरची बाहुली खाली आली, मी थांबले, मागची बाई माझ्यावर आदळली. काकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"वळनावर कोनी ओव्हरटेक करते का गा?" ते म्हणाले. "एका लाइनीनं चाला."

आम्ही एका लाइनीने चालू लागलो. पण आता काकांना आमचं सगळंच चुकीचं दिसायला लागलं. कुणी फार चिकटून चालतं, कुणी मध्येच ब्रेक मारतं, आणि कोपऱ्यावर तर सगळेच आत घुसतात. ते हाताने दिशा दाखवू लागले. ठवकर भाऊंना ते काही केल्या जमेना, किंवा त्यांनी जमू दिलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. काकांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्यांचा धीर सुटला. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ते उभे राहिले. "पाह्य," ते म्हणाले, "मोठी गाडी असली का आधी बाहेर घ्या लागते. मंग आत." आणि खुर्चीची पाठ धरून त्यांनी वळून दाखवलं. त्यांचा डावा पाय पुढे येताना बाहेरून मोठा वळसा घेऊन यायचा. त्याच पायाची त्यांना लाज वाटायची. पण त्या वेळी तो पाय अगदी ते सांगत होते तसाच वळला, आधी बाहेर, मग आत, घाटातल्या बससारखा. मी काहीतरी बोलणार होते. काकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ मी चार दिवस मिरवला.

आम्ही सगळे चालत राहिलो, जणू काहीच झालं नाही. काकाही आणखी एक फेरी वळण शिकवत फिरले आणि मग बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा ते आधीच उभे होते, आणि लाइनीत पहिले. त्यांना ओव्हरटेक करायची कुणाची छाती नव्हती.

पंचाईत झाली ती झड थांबल्यावर. लख्ख ऊन पडलं. बाहेर जायचं म्हटलं तर काका पुन्हा खुर्चीत बसणार, हे आम्हाला दिसत होतं. आणि मग मी एक अद्भुत गोष्ट पाहिली. आजवर दुसऱ्यांच्या सबबी फाटकावर टांगणाऱ्या पराते काकू स्वतः सबबी सांगायला लागल्या. बाहेर चिखल हाय. उद्यानात गवत वाढलं, साप-विंचू असतीन. रस्त्यावर म्हणे कुत्री पिसाळली. ठवकर भाऊंनी तर आपला सगळा जुना साठा काकूंच्या हवाली केला. आम्ही त्या लख्ख उन्हाच्या सकाळी, पंखा लावून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून त्या खोलीत गोल गोल फिरत होतो. शेजारचे येऊन डोकावून जायचे. कुणीतरी मला ऑफिसला जाताना थांबवून विचारलंही, परात्यांकडे रोज काय पूजा असते?

शेवटी काकाच वैतागले. एका सकाळी ते मध्येच थांबले, खिडकीबाहेर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "एवढं ऊन पडून राहिलं," ते म्हणाले, "अन् हे बयताड लोक माह्या घरात काहून फिरून राहिले?" त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि आम्हाला ढोरं हाकलावी तसं दाराबाहेर हाकललं. आम्ही व्हरांड्यात, ते मागे. आम्ही अंगणात, ते मागे. फाटकाशी ठवकर भाऊ थांबले, वाकून बुटाची नाडी बांधली, आणि मग गिट्टीवरून टाचा खरखर घासत चालू लागले. काका फाटकातून ओरडले की ते जोडे माझे आहेत, नीट पाय उचल. ठवकर भाऊंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काका रस्त्यावर आले. ठवकर भाऊ पुढे, टाचा घासत. काका मागे, काठी टेकत, पाय वळसा घेत, शिव्या देत. आम्ही बायका त्यांच्या मागे पदर तोंडात कोंबून. अशी आमची वरात कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेली.

तिथे डेअरीवाल्याने काकांना पाहिलं आणि व्हायचं तेच झालं. त्याने चेहरा लांब केला, आवाज हळू केला आणि विचारलं की काका, कशी हाय आता तब्येत? काका काठीवर रेलून दम खात होते. त्यांनी एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे. मग त्या माणसाला ते म्हणाले, "माहं सोड. या मीनलची साखर काठावर हाय अन् या ठवकराचं पोट ढिलं हाय. मीच यायले फिरवून आनून राहिलो."

काकू डेअरीच्या खांबामागे गेल्या. मला वाटलं, रडत असतील. बघायला गेले तर तोंडावर पदर दाबून खदाखदा हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम.

त्यानंतर काका रोज येऊ लागले. आधी डेअरीपर्यंत, मग चौकापर्यंत, मग उद्यानापर्यंत. बूट त्यांनी त्याच दिवशी परत घेतले होते, ठवकर भाऊ अनवाणी घरी गेले होते. थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी काकाच म्हणाले की सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जाऊ, येताना ऑटो करू. आम्ही गेलो. वाटेत चार ठिकाणी बसलो, पण गेलो. तलावावर धुकं होतं. काका आणि ठवकर भाऊ चहा बघायला पुढे गेले आणि मी व काकू बाकावर बसलो. काकूंनी पोपटी बूट काढले, पायाची बोटं मोकळी केली आणि पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुले एक सांगतो. मले चालनं बिलकुल आवडत नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. लहानपणी माग, लग्नानंतर काकांची पहाटेची पहिली गाडी, तिच्या आधी उठून डबा. त्यांची एकच इच्छा होती की म्हातारपणी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचं. आणि नेमकं म्हातारपणी हे आजारपण आलं. मी म्हटलं, पण आता तर तुम्हाला सवय झाली असेल, जाग आपोआप येत असेल. मला खरोखर तसं वाटत होतं. मला वाटायचं, माझ्यासारख्यांनाच रोज स्वतःशी भांडावं लागतं, काकूंसारख्या लोकांचं ते भांडण कधीच मिटलेलं असतं.

"सवय-फवय काही लागत नाही वं," त्या म्हणाल्या. "रोज नव्यानंच उठा लागते. आज बी वाटे का पडून राहावं."

मग उठता कशा, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे कळायला फार अक्कल लागत नाही. तुमाले उठवाले या लागते ना, म्हणाल्या. एवढ्या साऱ्यांना हाका मारून ठेवल्यावर आपण कसं झोपायचं? समोरून काका येत होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चहाचा कप, एक थेंबही न सांडता. काकू त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग बूट पायात चढवत म्हणाल्या, "उद्या मी झोपतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती शांततेने. कुणी हाक मारली नव्हती. थोडा वेळ मी पडून राहिले. पांघरूण ऊबदार होतं, मंगेश गाढ झोपेत होता, आणि आज मला उठवायला कोणी येणार नव्हतं. मग मी उठले आणि बूट घातले.

गल्लीत काका उभे होते. डोक्याला मफलर, आणि ओठांवर बोट. एकेक जण घरातून बाहेर येत होता आणि काका त्याला हाताने हळू यायची खूण करत होते. ठवकर भाऊंचे नवे बूट पावलागणिक करकरायचे. काकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ठवकर भाऊंनी बूट काढले, हातात घेतले आणि त्या गार रस्त्यावरून नुसत्या मोज्यांवर चालू लागले. मागून दूधवाला कॅन वाजवत आला, तर काकांनी काठी आडवी धरून त्याला परात्यांच्या घराअलीकडेच थांबवला. आम्ही सगळे चवड्यांवर चालत त्या खिडकीखालून गेलो. आतून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत, काकूंच्या हाकेसारखाच.

कोपरा वळेपर्यंत कुणी बोललं नाही. तिथे ठवकर भाऊ बूट घालायला खाली बसले आणि आम्ही त्यांच्यासाठी थांबलो. काका काठीवर दोन्ही हात ठेवून मागे गल्लीकडे बघत होते.

"लगन झाल्यापासून," ते म्हणाले, "आज पह्यल्यांदा मी तिच्या आधी उठलो."

मग काठी टेकून ते पुढे निघाले, आणि आम्ही एका लाइनीने त्यांच्या मागे.